गाता येत नाही, हीच पात्रता

संपादकांचा फोन आला आणि ते म्हणाले, "डॉक्टर, दातांच्या दवाखान्यातले गमतीदार अनुभव लिहून द्या." मी म्हटलं, अहो, माणसं फराळाची बशी मांडीवर घेऊन तुमचा अंक वाचणार. तोंडात चकली असताना त्यांना किडलेल्या दाढांच्या गोष्टी सांगू? आणि खरं सांगायचं तर सांगण्यासारखं फार काही नसतंच. माणसं घाबरतात, उशिरा येतात आणि 'कालपर्यंत काहीसुद्धा नव्हतं हो' असं धडधडीत खोटं बोलतात. रत्नागिरीत दवाखाना चालवला त्या सगळ्या वर्षांचा एवढाच सारांश आहे.

त्यापेक्षा मी माझ्या दुसऱ्या नोकरीबद्दल लिहितो. तिला पगार नाही, रजा नाही, आणि लोकांच्या शिव्या मात्र वेळच्या वेळी मिळतात. मी एका संगीत मंडळाचा कार्यवाह आहे. मंडळाचं नाव 'स्वरचित'. आणि मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. हा विनय नव्हे, ती या नोकरीची अट आहे.

मला नोकरीवर घेतलं आप्पा सोहनींनी. आप्पा म्हणजे मंडळाचे संस्थापक आणि अध्यक्ष. भाट्याला वरच्या अंगाला त्यांची आंब्याची बाग आहे. एका सकाळी दाढ काढून घ्यायला आले. दाढ काढली, कापूस दाबून धरला, आणि तो कापूस तसाच ठेवून आप्पांनी विचारलं, "डॉक्टर, गाता येतं?" मी म्हटलं, नाही. "अजिबात?" म्हटलं, अजिबात. "एक ओळ म्हणून दाखवा बघू." आता दाढ काढलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी लहानपणीची आरती म्हटली. पहिल्या ओळीलाच आप्पांनी हात वर करून मला थांबवलं. डोळे मिटून घेतले. मला वाटलं भूल उतरली. तर म्हणाले, "उत्तम. कार्यवाह व्हा."

त्यामागचं कारण असं. आमच्या मंडळाचे नियम दोनच, बाकी सगळा फापटपसारा. पहिला नियम, इथे ज्याने गाणं रचलं त्यानेच ते गायचं. सिनेमातलं नको, दुसऱ्या कुणाचं नको. साधं असो, ओबडधोबड असो, आपलं असलं पाहिजे. दुसरा नियम, जो कार्यकारिणीत बसला त्याने मंडळाच्या मंचावर गायचं नाही.

दुसरा नियम बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. पण ज्याने कोकणातल्या एखाद्या तरी मंडळाची कमिटी जवळून पाहिली आहे, त्याला समजावून सांगावं लागत नाही. कमिटी झाली की आधी अध्यक्षांचं गाणं, मग खजिनदारांच्या सुनेचं, मग उपाध्यक्षांच्या मेव्हण्याची बासरी. ज्याला ऐकायला लोक आलेले असतात तो बिचारा शेवटी येतो, तोवर समोर सतरंजी आणि सतरंजीवाला उरलेले असतात. आप्पांनी तरुणपणी हे सगळं भोगलं होतं. म्हणून मंडळ काढलं त्याच दिवशी त्यांनी नियम घातला आणि पहिला स्वतःला लावला.

ही गोष्ट मला फार उशिरा कळली, की आप्पा स्वतः उत्तम गात. गाणी रचत. भाट्याच्या खाडीवर पूल व्हायच्या आधी होडीने माणसं पलीकडे जात, त्या होडीवरचं त्यांचं एक गाणं जुनी माणसं अजून काढतात. मंडळ झाल्यापासून आप्पा त्यातली ओळसुद्धा चारचौघांत गुणगुणले नाहीत. नव्या लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला फक्त ऐकायची आवड आहे. आप्पांनी कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

आता कार्यकारिणीतला माणूस, म्हणजे कागदोपत्री विश्वस्त, काय करतो, तेही सांगून टाकतो. लोकांना वाटतं खुर्चीवर बसतो. प्रत्यक्षात खुर्च्या उचलतो. शाळेचं सभागृह मागून घ्या, लाउडस्पीकरची परवानगी काढा, दरवर्षी धर्मादाय कार्यालयात कागद पाठवा, सभेची नोटीस वेळेत काढा, सभेला माणसं पुरेशी नसली तर साळवींना दुकानातून उचलून आणा. साळवी आमचे उपाध्यक्ष, हार्डवेअरचे व्यापारी. जगातली प्रत्येक अडचण एका फोनने सुटते असं त्यांचं मत, आणि फोन कुणाला करायचा हे मात्र त्यांना कधी आठवत नाही. खजिनदार मीनल, चार्टर्ड अकाउंटंट. वयाने माझ्या मुलीएवढी, पण सभेत माझ्याकडे अशी बघते की मला शाळेत असल्यासारखं वाटतं. कोण गाणार हे आम्ही ठरवत नाही. त्यासाठी रत्नागिरीबाहेरची तीन जाणकार माणसं आहेत. आम्ही फक्त भांडणं सोडवतो.

भांडणं मात्र एकेक अशी, की दाढदुखी परवडली. नाटे गावचा एक तरुण खलाशी आला, त्याने ट्रॉलरवरच्या आयुष्यावर रॅप केलं होतं. रॅप म्हणजे गाणं का, यावर साळवी तावातावाने बोलले. आप्पांनी ते रॅप पूर्ण ऐकलं आणि काळजीने एवढंच विचारलं, "गाणं झकास आहे. पण हा श्वास कधी घेतो?" तो गायला आणि सगळं सभागृह उभं राहिलं, साळवींसकट. मग एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांनी स्वतःच्या नव्या बंगल्यावर गाणं रचलं होतं. एक कडवं गवंड्याला, एक सुताराला, एक चिरेखाणवाल्याला, आणि सर्वांत भावपूर्ण कडवं प्लंबरला. प्रश्न असा पडला, की ही कविता की जाहिरात? पण गाणं त्यांनीच रचलेलं, त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. गायले. प्लंबरला त्या महिन्यात भरपूर कामं मिळाली म्हणतात. माझ्याकडचा नळ दुरुस्त करायला तो अजून यायचा आहे.

आता सुगंधाबाईंकडे येतो, कारण खरं म्हणजे त्यांचंच सांगायचं आहे.

सुगंधाबाई पाष्टे मंडणगडकडच्या. डोंगरातलं गाव, थोडी भातशेती, आणि गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायचं काम. नवरा मुंबईला एका सोसायटीत वॉचमन, लग्न झालं तेव्हापासून. शिमग्याला आणि गणपतीला घरी येणार, एरवी फोन. बाई गाणी रचायला कुणाकडे शिकल्या नव्हत्या. लावणीच्या वेळी चिखलात वाकून गाताना आपोआप जुळत गेलं म्हणतात. त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा मंचावर उभ्या राहिल्या, पदर खोचला, हार्मोनियमवाल्याला 'तू गप ऱ्हा' म्हणून सांगितलं आणि सुरू केलं,

टावर आला डोंगरावर, रेंज आली दारात गो,
तरी माझ्या चाकरमान्याचा आवाज नाय घरात गो.

आधी लोक हसले. तिसऱ्यांदा 'घरात गो' आलं तेव्हा कुणी हसत नव्हतं. बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले होते. मला सूर कळत नाहीत, पण माणसं कशी बसली आहेत ते कळतं. त्या दिवशी माणसं पुढे सरकून बसली होती.

त्यानंतर बाई दरवर्षी आल्या. लोक पत्रिका हातात आल्यावर आधी त्यांचं नाव शोधायला लागले. नवऱ्याने मात्र त्यांना मंचावर कधीच ऐकलं नव्हतं. आमचा महोत्सव थंडीत, आणि थंडीत त्याला सुट्टी मिळायची नाही.

तर काय झालं, कार्यकारिणीत एक जागा रिकामी झाली. साळवी म्हणाले, आपण सगळे शहरातले, खेड्यातल्या कलाकारांचा माणूस आपल्यात नको का? मुद्दा इतका रास्त होता की आम्हाला स्वतःचीच लाज वाटली. मीनल म्हणाली, सुगंधाबाई. मी म्हटलं, वा! सगळ्यांचे हात वर. सभा अशी झटपट संपल्याचं मला दुसरं आठवत नाही. चहा यायच्या आत ठराव झाला. आप्पा त्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे पुण्याला होते.

बातमी मंडणगडला पोचली आणि गावाने डोक्यावर घेतली. बाईंचा दीर मुंबईत गावाच्या मंडळाचा पुढारी. त्याने फाट्यावर बॅनर लावला. 'रत्नागिरी येथील नामवंत संस्थेच्या विश्वस्तपदी निवड झाल्याबद्दल सौ. सुगंधावहिनी यांचे हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुक म्हणून त्याचा स्वतःचा फोटो, बाईंच्या फोटोपेक्षा मोठा. देवळात सत्कार झाला. मी भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जेवायला कोंबडी-वडे होते, म्हणून मी आणखी थोडं बोललो.

सभेत बसायला बाई अगदी नालायक निघाल्या, हे प्रेमाने सांगतो. पहाटेची एसटी पकडून यायच्या, भाचीकडे उतरायच्या, वेळेच्या आधी हजर. पण विषयपत्रिकेचा दुसरा मुद्दा सुरू झाला की त्यांची बोटं टेबलावर चालायला लागायची. टक टक टकाटक. मी ऑडिट म्हणायचो आणि त्यावर ताल यायचा. मी चष्म्यावरून बघितलं की बोटं थांबायची आणि पाय सुरू व्हायचा. एकदा मी चिडून म्हटलं, बाई, ही सभा आहे, लग्न नव्हे. त्या म्हणाल्या, "तेच तर डाक्तर. लग्नात निदान वाजवतात तरी."

आप्पा परत आले ते काळा चष्मा लावून. महोत्सवाची जुळवाजुळव करायला बसलो होतो. मी गाणाऱ्यांची नावं वाचली, त्यात सुगंधाबाईंचं नाव आलं. आप्पांनी मला थांबवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्यांना विश्वस्त केलंत ना? मग त्या गाणार कशा?"

साळवींनी सवयीने फोन हातात घेतला आणि परत खाली ठेवला. आमच्या लक्षात आलं, की आपल्याकडची सगळ्यांत गोड गळ्याची बाई निवडून, शाल-श्रीफळ देऊन, कोंबडी-वडे खाऊन आपण गप्प बसवली आहे. माणसाला मान द्यायचा म्हणजे त्याला खुर्ची द्यायची, एवढंच आम्हाला सुचतं. नियम सगळ्यांना पाठ होता हो. पण इतकी वर्षं कार्यकारिणीत सगळे माझ्यासारखे बेसूरच असल्यामुळे त्या नियमाला कामच पडलं नव्हतं, निदान आम्हाला तसं वाटत होतं.

बाई त्या दिवशी सभेला नव्हत्या, शाळेत तपासणी होती. म्हणून मी आणि मीनल गाडी काढून मंडणगडला गेलो. वाटेत मी काय बोलायचं त्याची तालीम करत होतो आणि मीनल माझ्या चुका काढत होती.

बाई खळ्यात भात वाळवत होत्या. पाणी दिलं, गूळ दिला, आणि आमची तोंडं बघून म्हणाल्या, काय ते बोला. मी सांगितलं. राजीनामा दिलात की लगेच गाता येईल, हेही सांगितलं. त्या बराच वेळ सुपातलं भात पाखडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मना गप बसवायला निवडलंत?"

मी आयुष्यात पुष्कळ माणसांना दुखवलं आहे, तो माझा धंदाच होता. पण तेव्हा भूल देत होतो. मीनलने त्यांचा हात धरला, तेवढंच शहाणपण आमच्यात त्या दिवशी होतं.

मग खरी गोष्ट बाहेर आली. नवरा त्या वर्षी नोकरी संपवून कायमचा घरी येणार होता. महोत्सवाला पहिल्यांदाच समोर बसणार होता. बाईंनी त्याच्यासाठी नवीन गाणं केलं होतं आणि त्याला त्यातलं अक्षर ऐकवलं नव्हतं. म्हटलं, मग द्या की राजीनामा, एक ओळ लिहायची. तर म्हणाल्या, "आणि फाट्यावरचा बॅनर? उद्या उतरवला तर लोक काय बोलतील? पाष्ट्यांच्या सुनेने काय तरी घोटाळा केलान, म्हणून काढली. गाणं माझं एकटीचं हाय, डाक्तर. नाव आता गावाचं लागलंय."

बरोबरच होतं. गावात पद मिळाल्याचं कुणी आठवडाभर बोलतं, पण पद गेल्याचं पिढ्यान्‌पिढ्या बोलतात.

पुढच्या सभेला सगळे हजर होते, बाईसुद्धा. मीनलने सांगितलं, की नियम बदलता येतो. सर्वसाधारण सभा बोलवा, बहुमत घ्या, कागद पाठवा, वेळ आहे. साळवी म्हणाले, बदलून टाका. मी तर उभाच राहिलो. म्हटलं, नियम माणसांसाठी असतात, माणसं नियमांसाठी नसतात. हे वाक्य मी कुठे तरी ऐकलेलं होतं आणि वापरायची संधी बघत होतो.

आप्पा अध्यक्ष. ते म्हणाले, "बदला. माझी हरकत नाही. चांगल्या कामासाठीच बदलताय." मग त्यांनी काळा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खाली बघत म्हणाले, "फक्त मला एवढंच सांगा, की मग मी इतकी वर्षं गायलो नाही, ते कशासाठी?"

तोवर आप्पांनी हा विषय कधी काढला नव्हता. मीनलला आणि साळवींना तर तेव्हाच कळलं, की हा माणूस गात असे. मी माझ्या वाक्यासकट खाली बसलो. बाईंची बोटं टेबलावर चाललेली होती, ती थांबली. त्याच पहिल्या बोलल्या. म्हणाल्या, नियम ठेवा. आप्पांनी एवढा पाळला, मी पाळीन. घोवाला घरात ऐकवीन. आणि हसल्या, पण ते हसणं बघवत नव्हतं. ठराव मांडलाच गेला नाही. मी इतिवृत्तात लिहिलं, 'विषय स्थगित.' घरी येऊन बायकोवर उगाच चिडलो. तिने ओळखलं आणि वाद न घालता सोलकढी पुढे ठेवली.

चार-पाच दिवसांनी सकाळी आप्पा घरी आले. हातात पिशवी, पिशवीत बागेतले नारळ. आप्पा नारळ घेऊन आले की काही तरी गळ्यात मारणार, हे मला अनुभवाने माहीत. बसले, चहा घेतला आणि म्हणाले, मी राजीनामा देतोय.

मी म्हटलं, आप्पा, रागावलात? ते म्हणाले, छे हो. मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. एकट्या सुगंधाबाई गेल्या तर ती हकालपट्टी. पण संस्थापक-अध्यक्षच निवृत्त होतायत आणि त्यांच्याबरोबर त्याही मानाने निवृत्त होतायत, तर तो सोहळा. सत्कार दोघांचा एकाच मंचावर, आणि तोही रत्नागिरीत नव्हे, बाईंच्या गावच्या देवळात. नियमाला धक्का नाही, गावाला धक्का नाही. मी ऐकत राहिलो. हे आम्हा शिकल्यासवरल्यांना का सुचलं नाही म्हणून स्वतःवर वैतागलो, तर आप्पाही एमए होते, तेव्हा तेही समाधान नाही.

मी म्हटलं, पण तुम्ही का सोडायचं? मंडळ तुमचं. तेव्हा आप्पा जरा लाजले. एवढा मोठा माणूस लाजताना मी पहिल्यांदा बघितला. म्हणाले, "डॉक्टर, मी रोज बागेत गातो. वानर हाकलायला जातो असं घरी सांगतो. हल्ली तेसुद्धा पळत नाहीत, फांदीवर बसून ऐकतात. म्हटलं, जायच्या आधी एकदा माणसांना ऐकवावं."

मी आत जाऊन नारळ ठेवून आलो.

देवळातला समारंभ पहिल्या सत्कारापेक्षा मोठा झाला. दिराने पुन्हा बॅनर लावला. 'विश्वस्तपदाची धुरा यशस्वीपणे सांभाळून सन्मानाने निवृत्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' यशस्वीपणे म्हणजे बाईंनी टेबल वाजवलं होतं, पण ते कशाला सांगा. या वेळी बॅनरवर आप्पांचा फोटो मोठा, बाईंचा मोठा, आणि दिराचा त्याहून किंचित मोठा. गाव खूश. निवृत्त विश्वस्त म्हणून बाईंचा मान उलट वाढलाच. ग्रामपंचायतीत त्यांना आता पुढची खुर्ची असते. मी भाषण केलं आणि कोंबडी-वडे पुन्हा खाल्ले.

महोत्सवाला सभागृह भरलं होतं. तिसऱ्या रांगेत कडेला सुगंधाबाईंचा नवरा बसला होता. नवा शर्ट, वॉचमनची सवय म्हणून पाठ ताठ, दाराकडे लक्ष. बाई मंचावर आल्या, पदर खोचला, हार्मोनियमवाला न सांगताच गप्प बसला.

टावर तुमचा काढून न्या गो, रेंज नको मना दारात गो,
चाकरमानी येवन बसला, घोरतो माझ्या घरात गो.

जो काही हशा उठला! लोक माना वळवून त्याला शोधायला लागले. तो ताठ माणूस आधी गोरामोरा झाला, मग तोंडावर रुमाल धरून गदगदा हलायला लागला. हसतोय असं वाटलं. जवळ गेलो तर रडत होता, आणि हसतही होता. मी त्याला पाणी दिलं. त्याने ग्लास हातात धरून ठेवला, प्यायला नाही.

त्यानंतर आप्पा. पांढरं धोतर, नवा चष्मा. निवेदिकेने नाव घेतलं आणि जुनी माणसं टाळ्या वाजवत उठली. आप्पांनी होडीचं गाणं सुरू केलं.

थांब थोडा नावाड्या रे, मागून कोणी यायचे...

पहिली ओळ आली, आणि कापऱ्या आवाजात का होईना, अशी आली की माझ्यासारख्या ठोंब्यालाही काही तरी झालं. पण दुसऱ्या ओळीला आप्पा थांबले. शब्द आठवेनात की ताल सुटला, कोण जाणे. तबलजी चाचपडला आणि तोही थांबला. सभागृह शांत. आणि आमच्याकडे पहिला नियम असा, की ज्याचं गाणं त्यानेच गायचं. जुन्या माणसांना ओळ पाठ होती, पण एकाही तोंडातून ती निघाली नाही. कुणी मदत करायची नाही, हे आप्पांनीच शिकवलेलं. मी विंगेत उभा होतो आणि हाताच्या मुठी आवळून, देवा, आता काही तरी कर, असं म्हणत होतो.

माझ्या शेजारी सुगंधाबाई उभ्या होत्या. तिथे हार-तुरे ठेवायचं लाकडी टेबल होतं. त्यांनी बोटं टेबलावर ठेवली. टक टक टकाटक. सभेत मी ज्यासाठी त्यांच्यावर डोळे वटारत होतो, तेच. होडीची वल्ही पाण्यात पडतात तसा तो संथ ताल त्या शांत सभागृहात मंचापर्यंत गेला. आप्पांनी मान वळवून विंगेकडे बघितलं, ओळखलं आणि हसले. तबला आला. दुसरी ओळ आली. मग आप्पा थांबलेच नाहीत. शेवटचं कडवं त्यांनी डोळे मिटून म्हटलं आणि मी विंगेत उभा राहून ढसाढसा रडलो. गाण्यातलं काही कळत नसताना एवढं रडणारा कार्यवाह मीच असेन. मीनलने मला रुमाल दिला, कधी नव्हे ती एकही चूक न काढता.

आता दोन जागा रिकाम्या होत्या. त्या आम्ही आप्पांच्या पद्धतीने भरल्या. इच्छुकांना बोलावलं आणि एकेक ओळ म्हणायला सांगितली. एक बाई इतक्या सुरेख गायल्या, की आम्ही त्यांना नम्रपणे नकार देऊन महोत्सवाचा अर्ज हातात दिला. मग एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी तोंड उघडलं. साळवींनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. एकमताने निवड झाली. दुसरे एक वकील, तेही जवळजवळ तितकेच भयंकर. मंडळाचं भवितव्य सुरक्षित आहे.

आणि आप्पा? ते आता कलाकार झालेत, आणि पक्के कलाकार. विश्वस्त असताना कधी तक्रार न केलेला माणूस. आता माइकचा आवाज बारीक होता, चहा गार होता, पत्रिकेवर फोटो जुना घातलात, असं दर आठवड्याला काही ना काही. परवा सकाळीच फोन आला. या वर्षीची नावं ठरायला लागली होती, ते त्यांना कुठून तरी कळलं होतं.

"डॉक्टर, यंदा मला पहिलं ठेवा. सुरुवातीला आवाज ताजा असतो. एवढं मंडळ काढलं, तेवढा मान नको का?"

मी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. फोनमध्ये बागेतली वानरं ऐकू येत होती. थोडा वेळ गेला आणि पलीकडून आप्पा स्वतःशीच हसायला लागले. हसता हसता खोकला आला.

"कळलं, कळलं," ते म्हणाले. "यासाठीच नियम केला होता नाही का मी? शेवटून दुसरा ठेवा. पण चहा गरम द्या."